पायला व्होल्ट वाचायला शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यात, गावापासून दोनेक किलोमीटरवर आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, आहे. तिथं एक सोलर प्लेट, १२ व्होल्टची एक बॅटरी, दोन बल्ब आणि पत्र्याखाली खुंटीला टांगलेल्या प्लास्टिकच्या डब्यात एक रास्पबेरी पाय, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. पुढं त्याला नुसतं पाय म्हटलंय. बॅटरी किती उरली आणि विहिरीत पाणी किती आहे, एवढंच तो घरी कळवतो. डबा उघडा दिसला की येणारा माणूस वाकून बघतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. तेच इथं लिहून ठेवलेत.

पायमध्ये व्होल्ट मोजायची सोय नाहीच का? आर्दुइनोत तर असते.

नाही. पायच्या ४० पिनांपैकी एकही व्होल्ट मोजत नाही. त्या पिनांना फक्त आहे आणि नाही एवढंच कळतं. ३.३ व्होल्टच्या आसपास असलं तर आहे, शून्याच्या आसपास असलं तर नाही. मधलं काही विचाराल तर पाय तुमच्या तोंडावर यातलंच एक काहीतरी फेकतो.

आर्दुइनो हा असाच एक छोटा बोर्ड. त्याच्या उनो प्रकारावर व्होल्ट मोजणाऱ्या सहा पिना असतात, १० बिटच्या. बिट जितके जास्त, तितकं मोजमाप बारीक. पायचाच धाकटा भाऊ पिको, त्यालाही तीन आहेत, १२ बिटच्या. पिको घेतला तर बाहेरची चिप लागत नाही, पण त्याच्या बिटांवर फार भिस्त ठेवू नका. प्रत्यक्षात भरवशाचे बिट नऊसुद्धा भरत नाहीत, शिवाय काही ठरावीक आकड्यांवर तो अडखळतो. आणि पिको म्हणजे काही पूर्ण कॉम्प्युटर नव्हे.

(चिपच्या पिनांना आपल्याकडं बरेच जण 'पाय' म्हणतात. मी एकदा पुतण्याला फोनवर सांगितलं, "पायच्या सहाव्या पायाला काळी वायर लाव." तो हसत सुटला. तेव्हापासून बोर्ड म्हणजे पाय आणि पाय म्हणजे पिन.)

मग कोणती चिप घ्यावी?

व्होल्टचा आकडा करून पायला देणाऱ्या चिपला एडीसी म्हणतात. दोनच नावं लक्षात ठेवा.

एमसीपी३००८: १० बिट, आठ चॅनेल, १६ पिनांची, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर) सरळ बसते, एसपीआयवर बोलते. एसपीआय आणि खालची आयटूसी, या चिपनं पायशी बोलायच्या दोन पद्धती. वेगवान आहे.

एडीएस१११५: १६ बिट, चार चॅनेल, आयटूसीवर बोलते, दोनच सिग्नल वायरी. सेकंदाला जास्तीत जास्त ८६० वाचनं, म्हणजे एमसीपीपुढं बैलगाडीच. पण बॅटरी आणि विहीर काही सेकंदाला हजारदा बदलत नाहीत. हिचं मोठेपण बिटांत नाही. मोजायचं माप तिच्या स्वतःच्या पोटात आहे, ते खरं कारण. ते का महत्त्वाचं, ते खाली येतंच.

मी एमसीपीवर शिकलो. आता आखाड्यावर एडीएस आहे. शिकायला एमसीपीच घ्या, चुका लवकर कळतात.

एडीसी नेमकं करतं काय?

मोंढ्यात पूर्वी ज्वारी पायलीनं मोजायचे. पोत्यात किती पायल्या भरल्या, तो आकडा. एडीसी तेच करतं. त्याच्याकडं एक माप असतं, त्याला रेफरन्स व्होल्टेज म्हणतात. १० बिटची चिप त्या मापाचे १०२४ सारखे वाटे करते आणि समोर आलेले व्होल्ट किती वाटे भरले तो आकडा सांगते, ० ते १०२३.

माप ३.३ व्होल्टचं असेल तर एक वाटा ३.२२ मिलिव्होल्टचा. ५१२ आले म्हणजे १.६५ व्होल्ट.

पण चिप तुम्हाला व्होल्ट सांगत नाही. ती "माझ्या मापाचा अर्धा भाग" एवढंच सांगते. माप खरंच ३.३ आहे असं तुम्ही मनानं धरलेलं असतं. पायली आतून ठोकून लहान केलेली असली तरी मोजणारा तितक्याच मोठ्यानं आकडा म्हणतो.

१२ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर?

चिप जाईल, आणि बहुधा पायलाही घेऊन जाईल. पायच्या पिनेला ५ व्होल्टसुद्धा सोसत नाहीत.

दोन रेझिस्टर लावून व्होल्ट वाटून घ्यायचे. बॅटरीच्या प्लसपासून ४७ किलोओहम, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला (बॅटरीच्या मायनसला) १० किलोओहम. दोघांच्या मधल्या सांध्यावरून वायर चिपला. असं केलं की चिपला ५.७ वा हिस्सा मिळतो. चार्जिंग चालू असताना बॅटरी १५ व्होल्टला टेकली तरी चिपपाशी २.६३ येतात. १८ झाले तरी ३.१६. थोडी जागा उरते, ती मुद्दाम ठेवलेली आहे.

रेझिस्टर एक टक्क्याचे घ्या, निळसर अंगाचे, पाच पट्ट्यांचे. पाच टक्क्यांचे दोन रेझिस्टर उलट्या बाजूंनी चुकले तर १२ व्होल्टमध्ये एक व्होल्ट इकडचा तिकडं होतो. मग मोजून उपयोग काय?

ही जोडी बॅटरीतून दिवसरात्र करंट पीत राहते, पण ०.२२ मिलिअँपिअरच. वर्षाचे दोन अँपिअर-अवरसुद्धा होत नाहीत. आणि बॅटरीच्या टोकाजवळच, अगदी वीतभर अंतरात, एक अँपिअरचा फ्यूज टाका. उंदरानं वायर कुरतडली तर कडब्याची गंजी आणि तुमच्यामध्ये तेवढाच उभा असतो.

तीच जोडी सोलर प्लेटला लावू का?

नको. '१२ व्होल्टची' म्हणून विकलेली ३६ सेलची प्लेट, लोड नसताना उन्हात २१-२२ व्होल्ट देते. २२ ला ५.७ नं भागा: ३.८६. चिपच्या ३.३ च्या वर गेलं. तिथं वर १०० किलोओहम, खाली १० किलोओहम लावा, अकरावा हिस्सा येतो.

आणि सोलर पंपाच्या प्लेटा तर मुळीच नाही. तिथं एकामागं एक जोडून काहीशे व्होल्ट डीसी असतात, आणि त्यांचा झटका जिवावर बेततो.

एमसीपी३००८ ची जोडणी सांगा.

चिपची खाच वर धरा. डाव्या बाजूला वरून खाली १ ते ८, हे चॅनेल शून्य ते सात. उजव्या बाजूला खालून वर ९ ते १६. ९ आणि १४ ग्राउंड. १० चिप सिलेक्ट, ती पायच्या २४ व्या पिनेला. ११ डेटा आत, पायच्या १९ ला. १२ डेटा बाहेर, पायच्या २१ ला. १३ क्लॉक, पायच्या २३ ला. १५ म्हणजे रेफरन्स आणि १६ म्हणजे सप्लाय, दोन्ही ३.३ व्होल्टला, पायच्या पहिल्या पिनेला.

१६ ला ५ व्होल्ट देऊ नका. चिपला चालतात, पण तिची १२ वी पिन मग पायला ५ व्होल्ट परत पाठवते. पायला ते चालत नाहीत.

सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये, चिपला चिकटून, १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर लावा. दोन रेझिस्टरच्या मधल्या सांध्यापासून ग्राउंडलाही तसाच एक. दोन रुपयांची वस्तू, पण मी निस्तरलेले निम्मे घोटाळे ती न लावल्यामुळंच झालेले होते.

प्रोग्राम कुठून आणायचा?

रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये एसपीआय चालू करा. पायथनमधल्या जीपीआयओ-झीरो लायब्ररीत एमसीपी३००८ तयारच आहे. चॅनेलचा नंबर द्या, ती शून्य ते एकमधला हिस्सा देते. त्याला रेफरन्सनं गुणा, मग ५.७ नं.

आत काय चालतं ते बघायचं असेल तर: पाय तीन बाइट पाठवतो. पहिला नुसता १. दुसऱ्यात चॅनेलचा नंबर अधिक ८, चार घरं डावीकडं सरकवून. तिसरा शून्य. उलट आलेल्या तीन बाइटांत दुसऱ्याचे शेवटचे दोन बिट आणि तिसरा सगळा, मिळून तुमचे १०. एकदा स्वतः लिहून बघा, लायब्ररीवरचा धाक जातो.

मल्टिमीटर एक सांगतो, पाय दुसरंच. खरं कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

माझ्याकडं पहिल्या पावसाळ्यात पाय रोज पहाटे १२.५५ दाखवायचा. म्हणजे बॅटरी ठणठणीत. आणि रात्री नऊ वाजले की बल्ब पिवळा पडायचा. मी बल्बला दोष दिला, वायर बदलली, टोकं घासली. शेवटी मल्टिमीटर घेऊन पहाटे गेलो. बॅटरीवर १२.४०. मग पायच्या पहिल्या पिनेवर मीटर टेकवला. ३.२६.

प्रोग्राममध्ये ३.३ लिहिलेलं आणि माप निघालं ३.२६ चं. एवढ्याशा फरकानं १२.४० चे १२.५५ झाले. तुम्ही म्हणाल, दीड दशांश व्होल्टनं काय होतं? लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि अर्धी, यात फरकच अर्ध्या व्होल्टचा आहे.

पायचा ३.३ चा पट्टा हा चिपांना चालवण्यासाठी आहे, मोजमापासाठी नाही. पायचा प्रोसेसर कामाला लागला, वायफायनं जोर केला, की तो हलतो. त्याच्यावर माप ठेवणं म्हणजे रबरी टेपनं शेत मोजणं.

उपाय तीन. स्वस्तातला: टीएल४३१ नावाची तीन पिनांची चिप, काही रुपयांची. ३.३ पासून ४७० ओहममधून तिला करंट द्या, तिच्यावर २.४९५ व्होल्ट स्थिर राहतात, ते १५ व्या पिनेला. मग ४७ च्या जागी ६८ किलोओहम लावा, कारण माप लहान झालं. दुसरा: एडीएस१११५ घ्या, तिचं माप आतच आहे. तिसरा, आणि हा वरच्या दोन्हींनंतरही करायचाच: दोन ठिकाणी ताळा. एकदा बॅटरी उतरलेली असताना, एकदा चार्जिंग चालू असताना, मीटर आणि पाय दोघांचे आकडे एकाच क्षणी लिहा. दोन बिंदूंतून सरळ रेषा काढा. माझे ५.७ प्रत्यक्षात ५.६४ निघाले, आता प्रोग्राममध्ये तेच आहेत.

आता मेख. स्वस्त मल्टिमीटरच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तोही खोटं बोलतो, आणि वाढवून बोलतो. माप तपासायचं माप आधी तपासा. माझ्या मीटरवर मी सेल बदलल्याची तारीख खडूनं लिहितो.

एक सवलत मात्र आहे. ज्या सेन्सरला तुम्ही त्याच ३.३ वर चालवता, उदाहरणार्थ फिरवायचा पॉट (बदलता रेझिस्टर) किंवा थर्मिस्टर (तापमानानं बदलणारा) आणि रेझिस्टरची जोडी, तिथं माप हललं तर सेन्सरही तेवढाच हलतो आणि चूक आपोआप कटते. तिथं वेगळा रेफरन्स लावाल तर उलट बिघडेल.

काहीच जोडलेलं नाही, तरी ३००-४०० आकडे येतात. चिप खराब आहे का?

चांगली आहे. मोकळं चॅनेल म्हणजे हवेत लोंबकळणारी वायर, ती आजूबाजूचं काहीही पकडते. बोट जवळ न्या, आकडा हलेल. न वापरलेली चॅनेल ग्राउंडला बांधून टाका.

शेजारची मोटर चालू झाली की आकडे उड्या मारतात.

शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. माझ्या पहिल्या आलेखात ती वेळ अशी स्पष्ट दिसायची की मी घरी बसून सांगायचो, "लाईट आली, मोटर टाका." सरळ रेघेला एकदम करवतीचे दात फुटायचे. महिनाभर मी यालाच शोध समजत होतो.

तो होता ५० हर्ट्झचा गोंगाट. लांब वायर म्हणजे अँटेना. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणून एमसीपीवर १०० मिलिसेकंदांत सारख्या अंतरानं २०० वाचनं घ्या आणि सरासरी काढा. बरोबर पाच आवर्तनं बसतात आणि वरखाली एकमेकांना खाऊन टाकतात. मनाला येईल तशी दहा वाचनं घेऊन हे जमत नाही. स्टार्टरच्या एखाद्या ठिणगीनं आलेला वेडा आकडा मात्र सरासरीत विष कालवतो. तिथं आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या.

दुसरं कारण ग्राउंड. इन्व्हर्टरचा दहा अँपिअरचा करंट ज्या काळ्या वायरीतून परत जातो, तिलाच तुम्ही चिपचं ग्राउंड जोडलंय. त्या वायरीचा रेझिस्टन्स ०.०१ ओहम धरला तरी ०.१ व्होल्ट तिथंच पडला. मोजायच्या दोन बारीक वायरी थेट बॅटरीच्या टोकांपासून वेगळ्या आणा, एकमेकींना पीळ देऊन.

एडीएस१११५ अचानक ६५५३५ दाखवते.

ते उणे एक आहे. तिचा आकडा चिन्हासकट १६ बिटचा असतो. शून्य व्होल्टच्या आसपास एखादा वाटा खाली गेला की उणे एक येतो आणि तुमचा प्रोग्राम त्याला धन समजतो. ३२७६७ च्या वरच्या आकड्यातून ६५५३६ वजा करा.

दोन गोष्टी तिच्याबद्दलच. ±६.१४४ व्होल्टची रेंज निवडली म्हणून ६ व्होल्ट लावता येत नाहीत. तिला ३.३ वर चालवत असाल तर हद्द तेवढीच. आणि चॅनेल बदलल्यावर वाचन पूर्ण व्हायची वाट बघा, नाहीतर विहिरीच्या नावावर बॅटरीचा आकडा येतो. माझी विहीर एकदा तासाभरात चार फूट चढली होती. ज्येष्ठात.

बॅटरी किती टक्के, हे व्होल्टवरून कळतं का?

अंदाजे, आणि बॅटरी निवांत असेल तरच. लेड-अॅसिडला काही तास ना चार्जिंग, ना लोड, अशी विश्रांती मिळाली तर १२.७ च्या आसपास पूर्ण, १२.२ ला अर्धी, ११.९ च्या खाली जवळपास रिकामी. दुपारी ऊन लागलेलं असताना दिसणारे १३.८ किंवा १४.४ हे चार्जरचे असतात, बॅटरीचे नव्हे. मी पहाटे चारच्या नोंदीवरच विश्वास ठेवतो. तोवर बल्ब विझून सहा तास झालेले असतात आणि सूर्य उगवायचा असतो.

विहिरीचं पाणी व्होल्टमध्ये कसं येतं?

पाण्यात सोडायचा प्रेशर ट्रान्समीटर मिळतो, १० मीटरचा. तो व्होल्ट देत नाही, करंट देतो: पाणी शून्य असताना ४ मिलिअँपिअर, १० मीटर असताना २०. त्याला २४ व्होल्टचा सप्लाय लागतो. तो करंट १५० ओहममधून जाऊ द्या, त्या रेझिस्टरवर ०.६ ते ३.० व्होल्ट मिळतात. एमसीपीवरसुद्धा दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक फरक दिसतो.

सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का? वायर तुटली तर शून्य यावा म्हणून. शून्य म्हणजे विहीर आटली असं नाही, वायर गेली. शिवाय करंट लांब वायरीत कमी होत नाही, म्हणून दोनशे फूट केबलचाही त्रास नाही.

घरी मात्र पाण्याची खोली अजून परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. वडिलांना "४.१ मीटर" म्हटलं की ते विचारतात, "म्हणजे किती परस?" प्रोग्राममध्ये त्यांच्यासाठी वेगळी ओळ टाकली आहे.

मातीचा ओलावा?

दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर घेऊ नका, काही आठवड्यांत गंजून जातो. कपॅसिटिव्ह घ्या. त्याचे व्होल्ट कोरड्यात जास्त, ओल्यात कमी. पण आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि सेन्सरच्या अंगाभोवती हवा शिरते. मग तो माती नाही, भेग मोजतो. आणि प्रत्येक शेताचा ताळा वेगळा: मातीचा नमुना ओला तोलायचा, १०५ अंशांवर चोवीस तास भट्टीत सुकवायचा, परत तोलायचा. हे न करता दाखवलेले 'ओलावा ४३ टक्के' मला तरी पटत नाहीत.

घरातले २३० व्होल्ट याच पद्धतीनं मोजू का?

नाही. रेझिस्टरच्या जोडीनं तर नाहीच. पायचं ग्राउंड मग लाईटच्या वायरीला जोडलं जातं, आणि कीबोर्डला हात लावणारा माणूस त्या वायरीला हात लावतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेलं मॉड्यूल असतं, ते जाणत्या वायरमनसमोर बसवा.

चिप चटका बसेल इतकी तापली.

उलटी बसवलीत. मीही बसवली होती, रात्री अकराला, टॉर्चच्या उजेडात, खाच खाली करून. बोटाच्या टोकाला दोन दिवस फोड होता. लगेच पाय बंद करा. कधी कधी चिप वाचते, पण तिच्या आकड्यांवर नंतर विसंबू नका. दुसरी घ्या.

उन्हात-पावसात हे टिकतं का?

उन्हाळ्यात पत्र्याखालच्या डब्यात हात घालवत नाही. तरी रेझिस्टर फार बदलत नाहीत, ३० अंश वाढले तर चांगल्या रेझिस्टरमध्ये तीन दशांश टक्का. त्रास होतो तो मेमरी कार्डला आणि त्याहून जास्त मुंग्यांना. म्हणजे मुंग्यांचा आपल्याला. मृग लागला की त्या कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि डब्याचं वायरीचं भोक त्यांना दारच वाटतं. वायर खालून आत घ्या, आत घेण्याआधी तिला लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी वळशावरून ठिबकतं, आणि भोक लांबीनं, म्हणजे पुटीनं, बुजवा. मेणानं नको. मेण वैशाखात मऊ होऊन गळून जातं.